उंटकटारा

आजच्या भाषणाचा विषय एक कांटेरी रोप आहे हें ऐकून आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. मोगरा, पारिजातक, चाफा ह्यांच्याविषयीं बोलणारे वक्ते पुष्कळ मिळतात आणि तें योग्यच आहे. कारण हीं फुलें आपल्या देवघरांत आणि अंगणांत नांदणारीं आहेत. परंतु ज्याला देवाच्या मस्तकावर जागा नाहीं, ज्याची परडींत कोणी गणना करीत नाहीं, आणि ज्याच्या वाटेला जनावरेंसुद्धां सहसा जात नाहींत, अशा उंटकटाऱ्याविषयीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें. मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नाहीं, भाषाशास्त्राचाही नाहीं. मराठी शाळेंत पाढे आणि व्याकरण शिकवीत आयुष्य घालविलेला मी एक मास्तर आहें. परंतु ह्या रोपाचें माझ्यावर एक जुनें ऋण आहे, आणि तें चारचौघांच्या कानांवर घालून फेडावें अशी माझी पुष्कळ दिवसांची इच्छा आहे.

प्रथम रोपाची ओळख करून देतों. शहरांत राहणाऱ्या मंडळींनीं हें रोप पाहिलें नसेल असें नाहीं. पाहूनही त्याचें नांव विचारलें नसेल, इतकेंच. पाऊस सरला, आश्विन-कार्तिकाचे दिवस आले, माळावरचें कुसळीचें गवत पिवळें पडूं लागलें, म्हणजे रस्त्याच्या कडेला, बांधावर, मुरमाड पडीत जमिनींत हें रोप डोळ्यांत भरतें. उंची गुडघ्याएवढी, क्वचित् मांडीपर्यंत. बुंध्यापासूनच फांद्या फुटून तें चहूंकडे पसरतें. खोड पांढुरकें आणि लव असलेलें. पानें लांबट, त्यांच्या कडा खोलवर कातरलेल्या, आणि प्रत्येक कातऱ्याच्या टोंकाला कांटा. पान उलटून पाहिलें तर खालच्या बाजूला पिंजलेल्या कापसासारखें पांढरें अस्तर दिसतें. हें अस्तर केवळ शोभेचें नाहीं; पानांतील ओलावा एकदम उडून जाऊं नये म्हणून निसर्गानें केलेली ती योजना आहे. फांदीच्या शेवटीं एकेक गोल चेंडू असतो, मोठ्या लिंबाएवढा. त्याच्यावर पांढरीं नाजूक फुलें, आणि त्यांच्यामधून भाल्यांसारखे बाहेर आलेले कांटे. म्हणूनच कित्येक ठिकाणीं ह्याला कांटेचेंडू असेंही म्हणतात.

हा चेंडू हातांत धरणें कठीण. परंतु जाड फडक्यांत धरून तो सुईनें उकलून पाहण्यासारखा आहे. झेंडू, शेवंती, सूर्यफूल ह्यांच्या कुळांतीलच हें रोप. ह्या कुळांत आपण ज्याला एक फूल म्हणतों, तें वस्तुतः पुष्कळ लहान लहान फुलांचें संमेलन असतें. सूर्यफुलांत ह्या सर्व फुलांना मिळून बाहेरून हिरव्या पानांचें एकच कुंपण असतें. जणूं एका वाड्याला एक दिंडीदरवाजा. उंटकटाऱ्याची रीति निराळी. येथें प्रत्येक फुलाला स्वतःचें वेगळें कुंपण, आणि अशीं स्वतंत्र कुंपणांचीं पुष्कळ घरें एका गोलावर दाटीवाटीनें वसलेलीं. हा वाडा नव्हे, ही चाळ आहे. प्रत्येकाचा उंबरठा वेगळा, पण बिऱ्हाड एका छपराखालचें. आणखी एक गंमत सांगतों. सूर्यफुलांत कडेचीं फुलें आधीं उमलतात आणि मग क्रमानें मध्याची पाळी येते. उंटकटाऱ्यांत चेंडूच्या माथ्यावरचीं फुलें प्रथम उमलतात आणि उमलण्याची लाट वरून खालीं उतरत जाते. उन्हें चढलीं कीं मधमाश्या, गांधीलमाश्या, फुलपांखरें आणि मुंग्या ह्यांची तेथें वर्दळ सुरू होते. माळावरचीं इतर फुलें आटोपत आलेलीं असतां हा कांट्यांचा गोळा कित्येक जीवांचें अन्नछत्र चालवीत असतो.

इतके कांटे कशासाठीं, असा प्रश्न मुलें नेहमीं विचारीत. उत्तर सोपें आहे. ज्या माळावर गाईगुरें, शेळ्यामेंढ्या वर्षभर तोंड लावीत फिरतात, तेथें कोंवळें आणि गोड असेल तें आधीं संपतें. कांटेरी आणि कडू असेल तें मागें राहतें. मऊ गवत बीं धरण्यापूर्वींच खाल्लें जातें, आणि उंटकटाऱ्याचें बीं मात्र निर्धास्तपणें पिकून जमिनीवर पडतें. अशीं पांचदहा वर्षें गेलीं म्हणजे माळ कांट्यांचा होतो. म्हणून एखाद्या माळावर उंटकटारा उदंड दिसला, तर त्याला दोष देण्यापूर्वीं त्या जमिनीवर चराईचा भार किती पडला आहे, तें विचारावें. रोग आणि रोगाचें चिन्ह ह्यांत आपण पुष्कळदां गल्लत करतों.

आतां नांवाकडे वळूं. शास्त्रज्ञ ह्याला एकिनॉप्स एकिनेटस असें म्हणतात. जातीचें हें नांव विल्यम रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें ठेविलें. हा गृहस्थ १७५१ सालीं जन्मला आणि १८१५ सालीं वारला, आणि हिंदुस्थानांतील वनस्पतींच्या अभ्यासांत त्यानें आयुष्याचा मोठा भाग वेंचला. नांवांतील पहिला शब्द ग्रीक आहे. भय वाटतांच अंगाचा चेंडू करून बसणारा एक लहान कांटेरी प्राणी युरोपांत आहे. त्याच्यासारखें ज्याचें रूप, तें एकिनॉप्स. दुसऱ्या शब्दाचा अर्थ नुसता कांटेरी. म्हणजे कांटेरी रूपाचें, आणि पुन्हां कांटेरी! कांटा टोंचला म्हणजे पंडितही एकच गोष्ट दोनदां सांगतो, असें मी मुलांना म्हणत असें.

परंतु आमच्या लोकांनीं जें नांव ठेविलें त्यांत कांट्याच्या जोडीला उंट आला आहे. हा उंट येथें कोठून आला? दख्खन ही कांहीं उंटांची भूमि नव्हे. ह्या प्रश्नाशींच माझें ऋण निगडित आहे, म्हणून ती हकीकत सांगतों.

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हां धुळें जिल्ह्याच्या पश्चिम भागांतील एका खेड्यांत सातवीच्या वर्गाला मराठी शिकवीत होतों. दिवाळीच्या सुटीपूर्वींचे दिवस होते आणि समासांचा पाठ चालू होता. पुस्तकांतील उदाहरणें रुक्ष वाटतात, म्हणून भोंवतालच्या वस्तूंचीं नांवें घेऊन समास सोडविण्याची माझी पद्धति होती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. त्या दिवशीं मीं फळ्यावर ‘उंटकटारा’ हा शब्द लिहिला आणि मोठ्या ऐटींत विग्रह केला: उंटाची कट्यार, ती उंटकटारा, षष्ठी तत्पुरुष. पानाचा आकार कट्यारीसारखा, आणि उंटासारख्या उंच जनावरालाही ती टोंचते, असें स्पष्टीकरणही वर जोडून दिलें. हें मीं कोठें वाचलेलें नव्हतें. त्याच क्षणीं सुचलें आणि सुचलें म्हणून खरें वाटलें.

मागच्या रांगेंत एक ठेलाऱ्याचा मुलगा बसत असे. ठेलारी ही त्या भागांतील मेंढपाळ जमात; पावसाळा संपला कीं मेंढ्या घेऊन त्यांचे वाडे दूर दूर जातात. हा मुलगा शाळेसाठीं आजीजवळ मागें राहिला होता. अबोल पोर, वर्षभरांत त्यानें आपण होऊन हात वर केल्याचें मला आठवत नाहीं. त्या दिवशीं तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, कट्यार न्हाई. उंट खातो म्हून उंटकटारा. दुसरं कोनी खात न्हाई त्याला.”

मीं त्याला विचारावयास हवें होतें, तूं हें कोठें पाहिलेंस? तें मीं विचारलें नाहीं. फळ्यावर लिहिलेलें पुसावें लागेल ह्या विचारानेंच मी चिडलों असेन. मी हंसून वर्गाला म्हणालों, “हे पाहा आमचे उंटावरचे शहाणे!” वर्ग खो खो हंसला. ती गोष्ट सर्वांना ठाऊक होती: रांजणांत अडकलेलें रेडकाचें डोकें सोडविण्यासाठीं आलेला तो शहाणा उंटावरून खालीं उतरेना, मग त्याच्यासाठीं वेस पाडावी लागली, आणि शेवटीं त्याच्या सल्ल्यानें रेडकूही गेलें आणि रांजणही फुटला. त्या दिवसापासून त्या मुलाला वर्गांत सर्वजण ‘उंटावरचा’ म्हणूं लागले. मीं तें ऐकलें आणि थांबविलें नाहीं. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हां तो आला नाहीं. मेंढ्यांबरोबर गेला, असें आजीनें सांगितलें. त्याच्या जाण्याचें कारण माझा विनोद हेंच होतें, असें मी म्हणूं शकत नाहीं. त्या जमातींतील पुष्कळ मुलें त्या काळीं अशींच शाळेंतून गळत. परंतु तो विनोद कारण नव्हताच, असेंही मला छातीला हात लावून सांगतां येत नाहीं.

दोन वर्षांनीं, हिंवाळ्यांत, शाळेमागच्या माळावर काठेवाडी लोकांचा तळ पडला. हे लोक आपली जनावरें घेऊन कच्छ-काठेवाडाकडून इकडे येतात आणि त्यांचा संसार उंटावर असतो. बाजा, भांडीं, कोंकरें आणि लहान मुलें हीं सर्व उंटाच्या पाठीवरून चाललेलीं मीं पाहिलीं आहेत. संध्याकाळीं फिरावयास गेलों असतां त्यांचा एक उंट मोकळा चरत होता. तो उंटकटाऱ्याच्या झुडुपापाशीं थांबला, मान खालीं केली, आपला चिरलेला वरचा ओंठ हलकेच पुढें काढला आणि एकेक कांटेचेंडू खुडून खाऊं लागला. कोणतीही घाई नाहीं, कोणतीही वेदना नाहीं. जणूं आपण चिवडा खातों तसें चाललें होतें. पुढें मीं वाचलें कीं उंटाच्या तोंडाच्या आंतील त्वचा चिवट असते आणि तिच्यावर आंतल्या बाजूला वळलेले जाड उंचवटे असतात, त्यामुळें कांटा रुतण्याऐवजीं घशाकडे सरकतो. परंतु त्या वेळीं माझ्या मनांत शरीरशास्त्र नव्हतें. मागच्या रांगेंतील त्या मुलाचा आवाज होता.

शाळेंत येऊन मीं जुनें हजेरीपुस्तक काढलें. त्याच्या नांवापुढें तांबड्या शाईनें ‘गैरहजर, नांव कमी केलें’ असें माझ्याच अक्षरांत लिहिलेलें होतें. त्याच्या आजीकडे गेलों तर ती वारली होती आणि घराला कुलूप होतें.

श्रोतेहो, त्यानंतर ह्या शब्दाचा मीं जमेल तसा शोध घेतला. त्यांतून जें हातीं लागलें तें थोडक्यांत सांगतों. संस्कृतांत ह्या वनस्पतीला दोन नांवें दिलेलीं आढळतात: उष्ट्रकंटक आणि उत्कंटक. पहिल्याचा अर्थ उंटाचा कांटा. दुसऱ्याचा, वर उभे राहिलेले कांटे असलेलें. मराठींतील शब्द ह्या दोहोंपैकीं कोणापासून आला? ध्वनींचा विचार केला तर मला पहिला पक्ष बळकट वाटतो. ‘उत्’ ह्या उपसर्गापुढें ‘क’ आला म्हणजे प्राकृतांत त्या ‘त्’ चा लोप होऊन ‘क’ चें द्वित्व होतें. उत्कंठेची ‘उक्कंठा’ होते. त्यांतून ‘ट’ निघण्याचें कारण दिसत नाहीं. उलट ‘उष्ट्र’ ह्याचें प्राकृतांत ‘उट्ट’ आणि पुढें ‘उंट’ होणें हा राजमार्ग आहे. आणि ‘कटारा’? तो कट्यारीचा भाऊ नव्हे. ज्या भुईरिंगणीला संस्कृतांत ‘कंटकारी’ म्हणतात, तिलाच हिंदींत ‘कटेरी’ म्हणतात. म्हणजे कांट्याचा ‘कट’ होण्याची चाल भाषेला नवी नाहीं. मारवाडींत तर ह्याच रोपाला ‘ऊंटकंटाळो’ म्हणतात. मराठी कानाला तो उंटाचा कंटाळा वाटेल, पण त्यांतला कांटा उघड आहे आणि कट्यारीचा मागमूस नाहीं. तेव्हां माझी षष्ठी राहिली, परंतु कट्यार म्यानासकट गेली.

इतकेंच नव्हे. संस्कृत पंडितांचा ‘उष्ट्रकंटकभोजनन्याय’ प्रसिद्ध आहे. उंट कांटे खातो. त्यांत सुख थोडें आणि पीडा फार, तरी तो तें सोडीत नाहीं. थोड्या सुखासाठीं फार दुःख सोसणाऱ्या माणसाला हा दृष्टांत लावतात. म्हणजे त्या मुलानें जें सांगितलें तें शास्त्रकारांनीं ग्रंथांत घातलेलें होतें. आणि ग्रंथांत घालण्यापूर्वीं कोणा उंटवाल्यानें तें माळावर पाहिलेलें होतें. उंटाला खरोखरच पीडा होते कीं नाहीं, हें मात्र पंडितांनीं उंटवाल्याला विचारलेलें दिसत नाहीं.

इराणांतही हीच कल्पना आहे. फारसींत उंट म्हणजे शुतुर; उंटावरील लहान तोफेला मराठे लोक शुतरनाळ म्हणत, हें बखरी वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. फारसींत ‘खार-इ-शुतुर’ म्हणजे उंटाचा कांटा. परंतु तें नांव त्यांनीं दुसऱ्याच वनस्पतीला दिलें आहे. आपल्याकडे जिला जवासा, संस्कृतांत यवास म्हणतात तिला. ती वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळांतली. उंटकटाऱ्याशीं तिचें कांहीं नातें नाहीं. तिच्यावर जो गोड रस सुकून जमतो त्याला आयुर्वेदांत यवासशर्करा आणि फारसींत तरंजबीन म्हणतात. वनस्पति निराळ्या, भाषा निराळ्या, पण नांव एक. कारण दोन्हीं ठिकाणीं नांव ठेवणारा माणूस उंटामागून पायीं चालणारा होता.

मराठींत उंटाचे शब्द तसे थोडे. निरोप पोंचविणारा सांडणीस्वार, उंटावरून शेळ्या हांकणें, आणि तो उंटावरचा शहाणा. ह्या सर्वांत माणूस उंटाच्या पाठीवर बसलेला आहे. उंटाच्या तोंडाजवळ, जमिनीवर उभा राहून पाहिलेला असा मला तरी एकच शब्द भेटला, तो म्हणजे उंटकटारा. त्या दिवशीं वर्गांत उंटावर कोण बसलें होतें आणि जमिनीवर कोण उभें होतें, हें आतां निराळें सांगावयास नको.

रानांतील नांवांची ही तऱ्हा सर्वत्र आढळते. गाईच्या वाटेंत पडणारा तो गोखरू, वाघाच्या नखांसारखीं बोंडें असलेली ती वाघनखी, माकडशिंगीचीं शिंगें तर पाहणाऱ्याला लगेच पटतात. युरोपांतील कांटेरी रोपांच्या नांवांतही अशाच कथा दडल्या आहेत. स्कॉटलंडानें कांटेरी थिसलचें फूल आपलें राष्ट्रचिन्ह केलें; १४७० सालच्या त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर तें दिसतें. रात्रीं अनवाणी चाल करून आलेल्या शत्रूच्या पायांत हा कांटा मोडला, तो ओरडला आणि देश वांचला, अशी दंतकथा १२६३ सालच्या लढाईशीं जोडून सांगतात. त्याच देशांतील आणि उत्तर इंग्लंडांतील ओलसर कुरणांत उंटकटाऱ्याचा एक दूरचा भाऊबंद उगवतो. त्याचीं पानें खालून अशींच पांढऱ्या अस्तराचीं, फूल जांभळें, आणि अंगावर टोंचण्याजोगा कांटा जवळजवळ नाहीं. त्याचें नांव मेलंकली थिसल, म्हणजे खिन्न थिसल. हें नांव कां? त्याचें कोंवळें फूल मान खालीं घालून असतें, म्हणून तें खिन्न, असें एक मत. दुसरें मत असें कीं तें स्वतः खिन्न नसून मद्यांत उकळून घेतलें असतां माणसाची खिन्नता घालवितें, अशी जुन्या वैदूंची समजूत होती. ज्याचें रूप ज्या रोगासारखें, तें त्या रोगाचें औषध, अशा तर्कानें त्या काळीं पुष्कळ औषधें ठरत. म्हणजे दुरून पाहणारानें रोपाला दुःखी म्हटलें, आणि काढा करून पिणारानें तेंच नांव आशेनें घेतलें. नांव एकच, पण घेणाराप्रमाणें अर्थ पालटला.

येथें घरोघरच्या मंडळींना एक सावधगिरीची सूचना देणें माझें कर्तव्य आहे. उंटकटाऱ्याच्या मुळीचा उपयोग जुन्या वैद्यकांत खोकल्यावर आणि लघवीच्या विकारांवर सांगितला आहे, आणि खेड्यांत जनावरांच्या किडलेल्या जखमांवरही ती लावीत. परंतु नांवावर विसंबून मुळ्या आणूं नयेत. कांटेरी रोपांच्या नांवांत घोटाळा फार. महाराष्ट्रांत ज्या रोपाला ब्रह्मदंडी म्हणतात तें उंटकटाऱ्याच्याच कुळांतलें. पण तामिळ मुलुखांत जवळजवळ त्याच नांवानें पिवळा धोत्रा ओळखला जातो. हा पिवळा धोत्रा मूळ मेक्सिको देशांतला, अफूच्या कुळांतला, आणि त्याचें बीं विषारी आहे. त्या बियांचें तेल मोहरीच्या तेलांत मिसळलें गेल्यामुळें १९९८ सालीं दिल्लींत सुजेची सांथ आली आणि साठांहून अधिक माणसें दगावलीं. उत्तरेकडे त्याला ‘सत्यानाशी’ म्हणतात. तें नांव ऐकूनही जो सावध होणार नाहीं त्याला कोण काय करणार! पण एकाच नांवाखालीं एकीकडे औषध आणि दुसरीकडे विष नांदत असतां नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणें धोक्याचें. रोप डोळ्यांनीं पाहावें, जाणत्याकडून ओळखून घ्यावें, आणि वैद्याच्या किंवा डॉक्टराच्या सल्ल्यावांचून पोटांत कांहीं घेऊं नये.

आणखी एका नांवाविषयीं बोललें पाहिजे. ज्या जमिनींत उंटकटारा उगवतो तिला आपण काय म्हणतों? पडीत, ओसाड. हीं नांवें नांगर धरणाऱ्यानें आणि सारा वसूल करणाऱ्यानें ठेविलेलीं आहेत. मेंढपाळाच्या दृष्टीनें ती जमीन पडीत नाहीं. ती त्याची चराई आहे. माळढोक पक्षी अशाच उघड्या माळावर, जमिनीवरच, बहुधा एकच अंडें घालतो. ह्या पक्ष्यासाठीं सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य झालें. तरीही पक्षी घटतच गेले, आणि २०११ सालीं तो जगांतील अत्यंत संकटांत सांपडलेल्या पक्ष्यांच्या यादींत गेला. त्याची शिकार झाली, विजेच्या तारांनींही त्याचे बळी घेतले. परंतु त्याचें घर ज्या माळावर होतें त्या माळाला आपण पडीत म्हटलें, आणि पडीत म्हटल्यावर ती जागा कोणत्याही कामाला मोकळी झाली, हेंही त्याच्या नाशाचें एक कारण आहे. एकदां एखाद्याला ओसाड म्हटलें कीं तेथें कोण राहतें हें पाहण्याची गरज उरत नाहीं. एखाद्या मुलाला एकदां ‘उंटावरचा’ म्हटलें कीं तो काय सांगतो तें ऐकण्याची गरज उरत नाहीं. दोन्हीं चुका एकाच जातीच्या आहेत.

म्हणून आपणां सर्वांना, विशेषतः घरांत मुलें असलेल्यांना, माझी एक विनंति आहे. ह्या दिवाळीनंतर एखाद्या रविवारीं मुलांना गांवाबाहेरच्या माळावर घेऊन जा. उंटकटारा शोधा, पण हातानें तोडूं नका. चेंडूचीं फुलें वरून खालीं उमलतात कीं नाहीं तें मुलांना पाहूं द्या, पानाचें पांढरें अस्तर दाखवा. आणि जवळपास कोणी गुराखी किंवा मेंढपाळ दिसला तर त्या रोपाचें नांव त्याला विचारा आणि तें तसें कां, हेंही विचारा. तो सांगेल तें प्रत्येक वेळीं व्याकरणाच्या कसोटीला उतरेलच असें नाहीं; पण आधीं ऐकून घ्या, मग कसोटी लावा. मीं क्रम उलटा केला, आणि माझी चूक मला उंटानें दाखवून दिली.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. मेंढ्यांमागें फिरणाऱ्या लोकांच्या खांद्याला पुष्कळदां लहानसा रेडिओ लटकलेला मीं पाहिला आहे. कोणत्या माळावर, कोणत्या वाड्यावर हा आवाज पोंचतो कोण जाणे. पण पोंचलाच तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे. बाबा, सातवीच्या वर्गांत तूं दिलेलें उत्तर बरोबर होतें. फळ्यावरचें चूक होतें. तें मीं त्याच दिवशीं पुसावयास हवें होतें. तें आज पुसतों आहें.